पाण्याच्या दिवशी माइंडफुलनेस कसा जमवायचा?

जुळे सोलापुरात राहणाऱ्या एका शिक्षिकेने प्रश्न विचारला आहे. थोडक्यात तो असा: "मोबाइलच्या अ‍ॅपवरून माइंडफुलनेस, म्हणजे सजगतेचा सराव, शिकून मी रोज सकाळी वीस मिनिटं डोळे मिटून बसते. श्वासाकडे लक्ष द्यायला जाते, पण मन एक मिनिटसुद्धा थांबत नाही. आणि उठले की पुन्हा तीच मी. नळाला पाणी येतं त्या पाण्याच्या दिवशी तर मुलांवर, कधी सासूबाईंवरही आवाज चढतोच. घरात वेगळी खोली नाही, शांतता नाही. सासूबाई म्हणतात, हे कसलं फॅड, त्यापेक्षा हरिपाठ म्हण. हे माझ्या स्वभावातच बसत नाही का? दहा दिवसांच्या शिबिराला जाऊन येऊ का? आणि जमलं तर वर्गातल्या मुलांनाही हे शिकवता येईल का?"

ताई, आधी स्वभावाचं बघू, कारण बाकीचं सगळं तिथेच अडलंय. मन थांबत नाही ही तक्रार माझ्याकडे येणारा जवळजवळ प्रत्येकजण पहिल्या भेटीत करतो. समुपदेशनात इतकी वर्षं काढल्यावर मला उलट, पहिल्याच आठवड्यात "माझं मन अगदी शांत झालं" असं सांगणाऱ्याची शंका येते. बहुतेक वेळा तो बसल्या बसल्या डुलकी काढत असतो. मन थांबवणं हा या सरावाचा भागच नाही. लक्ष श्वासावर ठेवलं, ते सटकलं, सटकल्याचं कळलं, ओढाताण न करता परत आणलं. एवढं झालं की एक आवर्तन पुरं. वीस मिनिटांत मन पन्नास वेळा पळालं आणि पन्नास वेळा तुमच्या ध्यानात आलं, तर पन्नास आवर्तनं झाली. तुम्ही ती सगळी नापास म्हणून मोजताय.

मन पळतं ते काही तुमच्या एकटीचं नाही. हार्वर्ड विद्यापीठातल्या मॅथ्यू किलिंग्जवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट यांनी 2010 साली 2,250 प्रौढांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसात अचानक केव्हाही मोबाइलवर विचारायचं: आत्ता काय करताय, मन त्याच कामात आहे की दुसरीकडे, आणि कसं वाटतंय? जवळपास 47 टक्के वेळा मन हातातल्या कामावर नव्हतं. मन दुसरीकडे असताना लोकांनी आपण कमी आनंदी असल्याचं सांगितलं. छान छान विचारांत रमलेली माणसंसुद्धा हातातल्या कामात असलेल्यांपेक्षा जास्त सुखी नव्हती. यातली बहुतेक माणसं अमेरिकेतली, त्यामुळे आकडा जसाच्या तसा आपल्याला लावायला मी जाणार नाही. पण सोलापुरातलं मन फार वेगळं निघेल असं वाटत नाही.

आता दुसरी अडचण. अ‍ॅपवाले आणि सकाळी सकाळी सुविचार पाठवणारे सांगतात, प्रत्येक क्षण सजगपणे जगा. माझ्या मते हा सल्ला कुचकामी आहे. उठल्यापासून झोपेपर्यंत स्वतःवर पहारा ठेवायचा म्हटलं तर घर, शाळा आणि त्यावर ही तिसरी नोकरी. दोन दिवसांत नाकी नऊ येतात, आणि चौथ्या दिवशी माणूस म्हणतो की हे आपलं काम नव्हे. शिवाय मनाचं भटकणं सगळंच वाईट नसतं. उद्याच्या तासाला धडा कुठून सुरू करायचा हे तुम्हाला भांडी घासतानाच सुचत असणार. ते सुचू द्यावं.

म्हणून मी सांगते, दिवसातलं एक काम निवडा. एकच. रोजचं, हाताचं, चार-पाच मिनिटांत आटपणारं. फार आवडीचं नको आणि फार नावडतंही नको. मोबाइलवरचं तर नकोच नको.

तुमच्या घरी भाकरी होते असं धरून चालते. सोलापुरात राहून ज्वारीची भाकरी होत नाही असं घर दुर्मिळच. भाकरीची गंमत अशी की करणारीचा हात इतका तयार असतो की मन गावभर हिंडून आलं तरी भाकरी बिघडत नाही. त्यामुळे मन गेलं होतं याचा पत्ताच लागत नाही. म्हणून अख्खी भाकरी सजगपणे करायच्या भानगडीत पडू नका, त्यातली एक जागा पकडा. भाकरी तव्यावर पडली की वरच्या बाजूला पाणी फिरवतो ना, ती जागा. बोटं गार पाण्यात बुडतात, लगेच गरम वाफ हाताला लागते, पिठाचा कोरडा पांढरा रंग पाण्याखाली काळपट होतो, भाजणाऱ्या ज्वारीचा वास वर येतो. मग पाणी सुकत येतं आणि उलटायची वेळ होते. थोडी आधी उलटली तर तव्याला चिकटते, उशीर झाला तर चिरा पडतात. एवढ्या पाच-सात सेकंदांत तुम्ही तिथे असा. मग खुशाल परीक्षेच्या पेपरांचा विचार करा. पुढची भाकरी आली की पुन्हा तीच जागा. सहा जणांच्या घरात रोज पंधरा-वीस भाकऱ्या होत असतील तर तितक्या वेळा परत येणं झालं, आणि त्यासाठी सकाळचा एक मिनिटही जास्तीचा लागला नाही.

वाचणाऱ्यांत भाकरी न करणारेही असतील. त्यांनी दाढीचं पाणी घ्यावं, दुकानाचं शटर वर करणं घ्यावं, चपला काढून घरात पाऊल टाकणं घ्यावं. हे शेवटचं मला फार उपयोगी वाटतं. कामावरचा राग उंबरठ्याच्या आत कितपत आणायचा, हे तिथे क्षणभर थांबलं तर कळतं. स्कूटरवर मात्र डोळे आणि कान रस्त्यावरच हवेत. श्वास मोजत सात रस्त्याचा चौक ओलांडू नका. सिग्नलला उभं असताना मुठी हँडलला किती घट्ट आवळल्यात एवढं बघायला हरकत नाही, मे महिन्यात पारा 43 च्या पुढे असला तरी.

"हे बाहेरून आलेलं फॅड" असं सासूबाईंना वाटतं, त्यावर दोन शब्द. रोजच्या कामात लक्ष ठेवण्याची ही शिकवण इथलीच, फार जुनी. बुद्धांच्या सतिपट्ठान सुत्तात श्वासावर लक्ष ठेवायला सांगितलंय तसंच चालताना, वळताना, हात-पाय दुमडताना, पसरताना, खाताना, पिताना, कपडे घालताना, अगदी शौचाला जातानासुद्धा भान ठेवायला सांगितलं आहे. म्हणजे सराव दैनंदिन कामात उतरवणं ही आजची पळवाट नव्हे, ते मूळ पाठातच आहे. 1979 साली जॉन कबात-झिन यांनी अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात, ज्यांचं जुनाट दुखणं औषधांनी पुरतं हटत नव्हतं अशा रुग्णांसाठी काही आठवड्यांचा अभ्यासक्रम बसवला, त्यातून धार्मिक संदर्भ बाजूला काढले आणि मग हे दवाखान्यांत, शाळांत, कंपन्यांत पसरलं. आपल्याकडे ते मोबाइलवर पोचलं तोवर इंग्रजी नाव घेऊन आलं, एवढंच.

हरिपाठाचं म्हणाल, तर जरूर म्हणा. दोन्हींत भांडण नाही. नामात मन एका ठिकाणी ठेवायचं असतं. या सरावात मन कुठे गेलं हेही बघायचं असतं, एवढा फरक. सोलापुरातल्या लिंगायत घरांतून तळहातावर इष्टलिंग घेऊन एकाग्रतेने बसणारी वडीलधारी माणसं मी पाहत आले आहे. त्यांना माझ्याकडून लक्ष टिकवायला शिकायची गरज नसते, असलीच तर गुडघ्यांसाठी खुर्ची घ्या असं सांगण्याची असते. सासूबाईंना "तुम्ही हरिपाठ म्हणताना मध्येच मन कुठे जातं हो?" असं एकदा सहज विचारून बघा. त्या जे सांगतील त्यातून तुम्हाला अ‍ॅपपेक्षा जास्त कळेल, आणि फॅड हा शब्द बहुधा मागे पडेल.

कबात-झिन यांच्या वर्गात सुरुवातीला एक मनुका अगदी सावकाश खायला देतात. मी मनुकेऐवजी भाजलेला शेंगदाणा देते. तळहातावर घ्या. लालसर सालावर बारीक रेषा असतात, त्या बघा. चिमटीत चोळलं की साल सुटताना चुरचुर वाजतं. दोन दळं वेगळी केली की एका टोकाला इवलासा कोंब दिसतो. नाकाशी धरा. जिभेवर ठेवा आणि चावू नका. तोंडाला पाणी सुटतं ते कळू द्या, चावायची घाई कुठून उठते ते बघा. मग चावा. आधी खरपूस लागतो, मग गोडसर, मग तेल सुटतं. शेंगा चटणीच्या गावात जन्म काढलेली माणसं हे करून बघितल्यावर थक्क होतात. पण मी हे एकदाच करायला सांगते. रोज प्रत्येक घास असा खायला लागलात तर शाळेची बस चुकेल आणि घरचे वैतागतील.

घरात शांतता नाही, हे तुमचं म्हणणं. यावर मला पूर्व भागातल्या एका यंत्रमाग कामगाराची गोष्ट सांगायचीय. घरी तेलुगू बोलणारा, मराठी अस्सल सोलापुरी. झोप येत नाही म्हणून आला होता. म्हणाला, "मॅडम, कारखाना सुटतो, पण डोक्यातला माग काय बंद होत नाही बघा." त्याला कुणीतरी श्वासावर लक्ष ठेवायला सांगितलं होतं आणि त्याने तो आणखी घाबरा झाला होता. कारण साधं होतं. सुताच्या तुसात वर्षानुवर्षं काम केल्याने छाती भरलेली, श्वासाकडे लक्ष दिलं की दम कमी पडतोय हेच आधी जाणवायचं. कापसाच्या धुळीने फुप्फुसं खराब होतात हे वैद्यकाला जुनं ठाऊक आहे. अशा माणसाला श्वासाची सक्ती करू नये. दमेकऱ्यांना, धडधडीचे झटके येणाऱ्यांनाही नको. त्याला मी छातीचा डॉक्टर गाठायला लावला आणि श्वासाऐवजी आवाजांकडे लक्ष द्यायला सांगितलं. कारखान्यात एवढ्या गदारोळात एखाद्या मागाचा ठेका जरा बदलला की त्याची मान तिकडे वळायची, धोटा नीट जात नाही हे बघण्याआधी त्याला ऐकू यायचं. म्हणजे कान आधीच तयार होता. घरी रात्री अंथरुणावर पडल्यावर तोच कान वापरायचा: पंख्याची घरघर, बाजूच्या घरातला टीव्ही, लांबून जाणारी रेल्वे. कुठला आवाज चांगला, कुठला त्रासाचा, हे ठरवायचं नाही. आवाज आला, राहिला, गेला. डोक्यातला माग वाजायला लागला तर तोही त्यातलाच एक आवाज. झोप एका रात्रीत आली नाही. पण आवाजाशी झुंजायचं त्याने सोडलं, आणि त्यानंतर हळूहळू बरी लागायला लागली.

तेव्हा ताई, तुमच्याकडे टीव्ही चालू असेल, मुलं भांडत असतील, कुकरची शिट्टी होत असेल, तर सकाळच्या बैठकीत श्वासाऐवजी तेच आवाज घ्या. किंवा पायांचे तळवे घ्या. श्वास हा सोयीचा आधार आहे, तो काही नियम नाही.

आता मूळ मुद्दा, पाण्याचा दिवस. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते: सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही. उजनी धरण भरलेलं असो वा नसो, काही दिवसांआड येतं, आणि वेळही पुढे-मागे सरकते. त्या दिवशी घरातल्या बाईचा जीव आदल्या रात्रीपासून टांगणीला लागलेला असतो. नळाचा फुसफुस आवाज ऐकायला झोपेतही एक कान जागा. पाणी आलं की खालची टाकी, मोटार, वरची टाकी, पिंप, पिण्याचं गाळून वेगळं. त्यात मुलांचे डबे. गल्लीत चार मोटारी एकदम सुरू झाल्या की धार बारीक. आणि अशातच धाकटा बादली नळाखाली ठेवून खेळायला निघून जातो, बादली भरून वाहायला लागते, आणि तुमचा आवाज चढतो.

तुम्हाला वाटतं राग बादलीचा आला. मी अशा दिवसांचा उलटा हिशेब बऱ्याच जणींकडून करून घेतला आहे. राग बहुतेक वेळा बादलीच्या तासभर आधीच सुरू झालेला असतो. झोप मोडली तेव्हा जबडा आवळला गेला. मोटार लावताना खांदे कानांपर्यंत चढले. मग एक वाक्य डोक्यात फिरायला लागलं: सगळं माझ्याच माथी. ते वाक्य पहिल्यांदा आलं तेव्हा कळलंही नाही, पण पाचव्यांदा आलं तोवर ते खरंखुरं भांडण होऊन बसलं होतं. बादलीने फक्त निमित्त दिलं.

करायचं काय? नळ सोडताना, म्हणजे चावीवर हात असताना, पायांचे दोन्ही तळवे ओल्या फरशीला लागलेत ते जाणवू द्या. शरीरात कुठे आवळलंय ते एकदा बघा: जबडा, गळा, पोट, खांदे, ज्याचं त्याचं ठिकाण ठरलेलं असतं. तुमचं कुठलं हे चार-पाच पाण्याच्या दिवसांत तुम्हाला पाठ होईल. सैल करायचा अट्टाहास नको, नुसतं बघा. आणि ते वाक्य डोक्यात आलेलं असेल तर मनात म्हणा, "सगळं माझ्याच माथी, हा विचार आला." विचार हाकलायचा नाही, त्याच्याशी वादही घालायचा नाही. मग चावी फिरवा आणि कामाला लागा. सगळं मिळून दहा सेकंदांचं काम. दर वेळी टाकी बदलताना पुन्हा एकदा.

हे करूनही तुम्ही ओरडणार आहात. हे आधीच सांगते, म्हणजे पहिल्या दिवशी हिरमुसायला नको. सुरुवातीला लक्षात येईल ते ओरडून झाल्यावर, शाळेत पोचल्यावर, कदाचित संध्याकाळी: अरे, आज सकाळी आपण त्याला काय काय बोललो! ते लक्षात येणंही मोजायचं. काही आठवड्यांनी ते पुढे सरकतं आणि ओरडतानाच, वाक्याच्या मधोमध कळतं. ही अवस्था फार अवघडल्यासारखी असते, कारण तोंड चालू असतं आणि आपण ऐकत असतो. बऱ्याच जणी इथे सराव सोडतात, त्यांना वाटतं आपण आधीपेक्षा बिघडलो. बिघडलेलं काही नसतं, उशिरा दिसणारं आता लवकर दिसायला लागलंय. त्या क्षणी वाक्य अर्धवट सोडलं तरी चालतं. मुलांना त्याचं नवल वाटतं, पण ती तक्रार करत नाहीत. आणखी पुढे कधीतरी जबडा आवळताना कळेल आणि त्या दिवशी तुम्ही "बादली बघ रे" एवढंच म्हणाल. हा क्रम जवळजवळ सगळ्यांचा असाच मागून पुढे येतो. त्याला किती दिवस लागतील हे कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

आणि एक. "सगळं माझ्याच माथी" हा विचार आहे हे ओळखलं म्हणून तो खोटा ठरत नाही. तुमच्या बाबतीत तो बहुधा खराच आहे! कितीतरी ठिकाणी हा सराव बाईला अजून सोसायला शिकवण्यासाठी वापरला जातो, कंपन्यांत कामगाराला शिकवतात तोही पुष्कळदा याचसाठी. मला ते अजिबात मान्य नाही. विचार दिसला की तो घेऊन, पाणी नसलेल्या दिवशी, संध्याकाळी जेवणं झाल्यावर, मुलांच्या बाबांशी बोला. मोटार आणि वरची टाकी त्यांच्याकडे, पिण्याचं पाणी तुमच्याकडे, बादल्या मुलांकडे, असं ठरवून टाका. पाण्याच्या गोंधळात हे बोललात तर भांडण होईल, शांत वेळी बोललात तर वाटणी होईल. पाणी वेळेवर येत नाही ही महापालिकेकडे करायची तक्रार आहे, ती तिकडेच करा. श्वासावर लक्ष ठेवून नळाला पाणी येत नाही.

सकाळच्या वीस मिनिटांची दहा करा. खुर्चीवर बसा, पाय जमिनीला टेकलेले, डोळे अर्धवट उघडे चालतील. बैठक अजिबात सोडू नका असं मी म्हणेन, कारण मन गेल्याचं ओळखायची सवय तिथे लागते, तीच पुढे नळापाशी कामाला येते. फक्त तिच्याकडून शांततेची वसुली करायला जाऊ नका. अ‍ॅप ठेवायचं तर ठेवा, पण सलग किती दिवस झाले ते दाखवणारा आकडा बंद करा. एक दिवस चुकला आणि आकडा शून्यावर आला की माणसं सगळंच सोडून देतात.

संध्याकाळी फिरायला जात असाल, सिद्धेश्वर तलावाच्या काठाने किंवा संभाजी तलावाकडे, तर कानातलं काढून थोडं अंतर चाला. पूर्ण फेरी नको, या झाडापासून त्या झाडापर्यंत. टाच टेकते, वजन पुढे जातं, अंगठा उचलतो. एवढंच.

शिबिराबद्दल. सत्यनारायण गोयंका 1969 साली ब्रह्मदेशातून भारतात आले आणि त्यांनी विपश्यनेची दहा दिवसांची शिबिरं सुरू केली. इगतपुरीचं धम्मगिरी केंद्र 1976 पासून चालू आहे. शिबिराचं शुल्क नसतं, आधीच्या साधकांच्या दानावर ते चालतं. मौन पाळायचं, मोबाइल जमा करायचा, पहाटे चारला उठायचं आणि दिवसाला दहा तासांच्या आसपास बसायचं. ज्यांना मानवतं त्यांना त्यातून खूप मिळतं, हे मी जवळून पाहिलंय. पण तुम्हाला आत्ता मी ते सुचवणार नाही. दहा मिनिटांत मन पळतं म्हणून जी स्वतःवर चिडते, ती दहा तासांत किती चिडेल! सहा महिने घरचा सराव होऊ द्या, मग जावंसं वाटलं तर उन्हाळ्याच्या सुट्टीत जा. नुकतंच घरात कुणी गेलं असेल, पूर्वी मोठा मानसिक आजार होऊन गेला असेल, मानसोपचाराच्या गोळ्या चालू असतील, तर आधी आपल्या डॉक्टरांशी बोला. केंद्राच्या अर्जातही हे विचारतात. तिथे लपवाछपवी करू नका. दीर्घ मौनात दाबून ठेवलेल्या गोष्टी उसळून वर येतात आणि काही जणांना त्या पेलत नाहीत.

गोळ्यांचा विषय निघालाच आहे तर: हा सराव गोळ्यांच्या जागी घ्यायचा नाही. वारंवार नैराश्य येणाऱ्यांसाठी सजगतेवर आधारलेली एक उपचारपद्धती आहे, आणि तीन किंवा जास्त वेळा नैराश्य येऊन गेलेल्यांमध्ये ते परत येण्याचं प्रमाण तिने कमी होतं असं अभ्यासांत दिसलंय. पण ती प्रशिक्षित माणसाकडून घ्यायची असते, अ‍ॅपवरून नाही. कित्येक आठवडे झोप उडालेली असेल, कशातच रस वाटत नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर डोळे मिटून बसू नका, मानसोपचारतज्ज्ञ गाठा. सिव्हिल हॉस्पिटलमध्येही मानसोपचाराची ओपीडी आहे. 14416 हा टेलिमानसचा सरकारी क्रमांक आहे, चोवीस तास चालतो, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. तुमच्या प्रश्नात असं काही मला दिसलं नाही, पण वाचणाऱ्यांत कुणी असेल.

राहता राहिली वर्गातली मुलं. आधी तुमचे तीन-चार महिने होऊ द्या, कारण बाई स्वतः घाईत असताना "शांत बसा, सजग व्हा" म्हणाल्या की मुलांना ती शिक्षाच वाटते. मग सुरुवात घंटेपासून करा. पितळी घंटा किंवा टाळ एकदा वाजवायचा आणि आवाज पूर्ण विरला असं वाटेल तेव्हा ज्याने त्याने हात वर करायचा. हात वेगवेगळ्या वेळी वर जातात, त्यावर मुलं आपसात वाद घालतात, कुणाला अजून ऐकू येत होतं, कुणाला नाही. तो वाद होऊ द्या, त्यातच त्यांचं लक्ष लागतं. मिनिटभराच्या वर लांबवू नका. डोळे मिटायची सक्ती कुणालाही करू नका. काही मुलांना डोळे मिटल्यावर भीती वाटते आणि ती का वाटते ते ती सांगत नाहीत. खिडकीबाहेर बघत बसलेलं पोरही ऐकतच असतं. मुख्याध्यापकांना आधी सांगून ठेवा. पालकसभेत विषय निघाला तर ही कुठल्या धर्माची प्रार्थना नाही, कान देऊन ऐकण्याचा खेळ आहे, असं साध्या शब्दांत सांगा. आणि घटक चाचणीच्या आदल्या दिवशी हे सुरू करू नका, त्या दिवशी कुणाचंच चित्त थाऱ्यावर नसतं, बाईंचंसुद्धा.